वाचलेल्यांचे ऋण

ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यातील कोठिदा गावाजवळ, कारम नदीवर बांधले जात असलेले मातीचे धरण पाझरू लागले. धार व खरगोन जिल्ह्यांतील १८ गावे रिकामी करण्यात आली. गुरेढोरे घेऊन माणसे उंचवट्यावर गेली. यंत्रांनी बाजूने चर खोदला आणि १४ ऑगस्टला त्यातून उसळलेले पाणी नर्मदेच्या दिशेने धावले. शेते खरवडली गेली. जीवितहानी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो साहजिकच होता. पण संकट टळले म्हणजे दोषही फिटला काय? नुसता पावसाचा पूर असता तर दैवाकडे बोट दाखवता आले असते. ही भिंत तर माणसानेच रचलेली. जिवावर उदार होऊन चर खोदणाऱ्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. मात्र त्या कृतज्ञतेच्या आड कच्च्या कामाचा जाब दडू नये. वाचलेल्या माणसावर दोन ऋणे असतात. एक वाचवणाऱ्याचे, दुसरे उद्या त्याच नदीकाठी राहणाऱ्याचे. पहिले आपण हारतुऱ्यांनी तत्काळ फेडतो. दुसरे प्रश्न विचारूनच फिटते, आणि नेमके तेच राहून जाते.