लहान मुलीचा शब्द

(शास्त्रपाठ : दुसरे राजे, अध्याय ५, ओव्या १ ते १४)



अरामाचा सेनापती नामान मोठा पराक्रमी होता, परंतु तो कोडी होता. त्याच्या घरी इस्राएल देशातून धरून आणलेली एक लहान मुलगी होती. तिचे नाव शास्त्रात लिहिलेले नाही. परक्या घरच्या बटकीस कोण विचारणार? तरी आपला धनी शोमरोनातील संदेष्ट्याकडे गेला तर बरा होईल, असे ती धनिणीजवळ बोलली. त्या एका बोलण्यापासून नामानाच्या शुद्धतेचा आरंभ झाला.

आपल्या महाराष्ट्रातही एक मुलगी अशीच बोलली. तिचे नाव मुक्ताबाई. आज लोक तिला मुक्ता साळवे म्हणून ओळखतात. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या प्रयत्नाने पुण्यात अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळेत ती शिकत होती. जातीने ती मांग, वयाने चौदा वर्षांची. इ. स. १८५५ साली तिने मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो छापिला.

तिने काय लिहिले? आपल्या लोकांना इमारतींच्या पायांत पुरीत असत. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, त्या थंडीपावसात कुडकुडतात. आपल्या मुलांस कोणी दगड मारिला तरी ती तक्रार करीत नाहीत. मग तिने देवालाच विचारिले की, ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीच बंदी, त्यांचा धर्म कोणता? ज्या धर्मात एकाने भोगावे व इतरांनी पाहत राहावे, तो पृथ्वीवर नसावा, असेही तिने निर्भयपणे लिहिले. परंतु रडून ती थांबली नाही. अज्ञान हा रोग आहे व विद्या हे त्यावर औषध आहे, ते घ्या, असे तिने आपल्या लोकांस विनविले.

बंधूंनो, तिचा प्रश्न ऐकून आपण घाईने म्हणू, “आमचा धर्म तसा नाही.” थांबा. मी माझाच एक अपराध सांगतो. काही वर्षांमागे एका गावी प्रभुभोजनानंतर एका मुलीने मला विचारिले, “पाळकसाहेब, प्याला आमच्या वाडीच्या माणसांस नेहमी शेवटी का मिळतो?” मी म्हणालो, “बाळ, तू अजून लहान आहेस.” ती मान खाली घालून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला उत्तर नव्हते म्हणून मी तिला वय दाखविले होते.

पुढल्या प्रभुभोजनास मी सर्वांदेखत त्या मुलीची क्षमा मागितली, आणि तिच्या वाडीतील एका वृद्ध बाईस प्रथम बोलाविले. दोन घरची माणसे उठून गेली. त्यांपैकी एक घर परत आले आहे. दुसऱ्यासाठी मी अद्याप प्रार्थना करितो.

नामानाचेही पाहा. औषध सोपे होते, पण ते घेण्यास त्याला रथावरून उतरून यार्देनेत बुडावे लागले. प्रथम तो रागावला. मोठेपण सोडून खाली उतरणे फार जड जाते. तरी उतरल्यावाचून तो शुद्ध झाला नाही. आपणही होणार नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनो, शब्बाथशाळेत मुलांकडून केवळ पाठ म्हणवून घेऊ नका. त्यांना काय दुखते तेही विचारा. आईबापांनो, मुलीच्या हातातील पाटी लवकर काढून घेऊ नका. आणि तरुणांनो, पौलाने तीमथ्यास जे लिहिले ते विसरू नका : तरुणपणामुळे कोणी तुम्हांस हलके लेखू नये; मात्र तुमचे बोलणे व वागणे दोन्ही विश्वासणाऱ्यांस कित्ता व्हावे.

ज्या प्रभूने बाळकांस आपल्याजवळ घेतले, तो आपणांस ऐकणारे कान व खाली उतरणारे मन देवो. आमेन.