काचेंतला समुद्र

मनुष्याच्या छंदांची पारख करतांना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतों: त्यास खर्च किती येतो, आणि त्यापासून उपयोग काय? तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो असा कीं, ह्या छंदापायीं आपण कोणाचें ऋण डोक्यावर घेतों? टपालाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं जमविणारावर असें ऋण फारसें चढत नाहीं. पण ज्या छंदाचा विषयच सजीव असतो, तेथें हा प्रश्न टाळतां येत नाहीं. घरांत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी बसवून तींत समुद्रांतले मासे व जिवंत पोवळीं पाळण्याचा छंद ह्याच जातीचा आहे. आणि समुद्रापासून दूर असलेल्या अमरावती-अकोल्याच्या संदर्भांत त्याचा विचार केला म्हणजे त्यांतील नीतीचा प्रश्न अधिकच उघडा पडतो.

वऱ्हाडाला मीठ परकें नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा सर्वांस ठाऊक आहे. तेथें विहीर खणली कीं खारें पाणी लागतें. तें ना धड पिण्याच्या उपयोगाचें, ना पिकाच्या. अकोला जिल्ह्यांत अशा गांवांना गोडें पाणी पोंचविण्यासाठीं ८४ खेड्यांची नळयोजना करावी लागली. लोणारच्या सरोवराला तर लवणासुराची कथाच जोडलेली आहे. ज्या प्रदेशांत खारें पाणी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा जाच ठरला, तेथेंच कोणी दुर्मिळ गोडें पाणी घ्यावें, तें आणखी शुद्ध करावें आणि त्यांत विकतचें मीठ कालवून समुद्र तयार करावा, ह्यांतील विसंगति पाहून प्रथम हसूं येतें. पण केवळ हसून हा विषय संपत नाहीं.

हा समुद्र घडविणें मोठें कष्टाचें काम आहे. लिटरास सुमारें ३५ ग्रॅम ह्या प्रमाणानें ५०० लिटरांच्या टाकीस साडेसतरा किलो मीठ लागतें. आणि तें स्वयंपाकघरांतलें मीठ नव्हे. त्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादि द्रव्यें समुद्रांतल्याच प्रमाणांत असावीं लागतात. कारण पोवळें आपला सांगाडा त्यांतील कॅल्शियमानेंच बांधतें. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंशांच्या आसपास राखावी लागते, आणि अकोल्याच्या मे महिन्यांत तर पारा ४५ अंशांच्याही वर जातो. म्हणजे पाणी थंड करणारें यंत्र अहोरात्र चालूं पाहिजे. शिवाय उन्हाळ्यांत वाफ होऊन उडतें तें नुसतें पाणी. मीठ मागेंच राहतें. म्हणून रोजच्या रोज मोजून गोडें पाणी घालावें लागतें. सर्वांत कठीण परीक्षा आरंभींच असते. माशांच्या मलमूत्रापासून होणारा अमोनिया विषारी असतो. त्याचें प्रथम नायट्राइटमध्यें व मग नायट्रेटमध्यें रूपांतर करणारे जीवाणु टाकींत नांदूं लागण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर टाकी भरलेली असूनही मोकळीच ठेवावी लागते. मोकळ्या टाकीकडे महिनाभर पाहत बसण्याचा संयम ज्याच्यापाशीं नाहीं, त्याच्या उतावीळपणाचें प्रायश्चित्त मासे घेतात.

ह्या छंदाची बाजू मुळींच लंगडी नाहीं. पोवळें हा दगड नसून प्राणी आहे, त्याच्या देहांत अतिसूक्ष्म शैवाल वास करतें आणि सूर्यप्रकाशापासून तयार केलेलें अन्न त्यास देतें, हें पुस्तकांत वाचणें निराळें आणि डोळ्यांनीं पाहणें निराळें. पाणी फार तापलें कीं हा संसार मोडतो व पोवळें पांढरें पडतें. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८ व २०१६ सालीं असेंच संकट आलें होतें. ज्या मुलानें एका टाकीची उष्णता दोन अंशांनीं वाढल्याचा परिणाम पाहिला आहे, त्यास त्या वार्तेचा अर्थ लगेच कळेल. १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून कित्येक पिढ्यांना समुद्राच्या अंतरंगाचें पहिलें दर्शन काचेंतूनच घडलें. शिवाय पोवळ्याच्या तुकड्यापासून नवें पोवळें वाढवितां येतें, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशाची पैदास टाकींतच करण्याची विद्या आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेंही साध्य केली आहे.

परंतु नासाडी द्वेषानेंच होते असें नाहीं; ती प्रेमानेंही होते. इंग्लंडांत १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गपंडिताचें मत्स्यालयावरील पुस्तक निघालें, आणि हौशी लोकांची किनाऱ्यावरील खडकांतल्या डबक्यांवर झुंबड उडाली. पुढें १९०७ सालीं त्याचा मुलगा एडमंड गॉस ह्यानें आपल्या आठवणींत लिहिलें कीं, वडिलांनीं वर्णिलेलीं तीं समृद्ध डबकीं संग्राहकांनीं पार उजाड केलीं, आणि त्याचें दुःख खुद्द वडिलांसही झालें. गॉस दुष्ट नव्हता. त्याचे वाचकही दुष्ट नव्हते. प्रत्येकानें थोडेंसेंच उचललें. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ पासून पोवळ्यांना वाघाच्याच पंक्तीचें संरक्षण आहे, तें ह्याच अनुभवाचें फळ म्हणतां येईल. तथापि काय उचलूं नये एवढेंच कायदा सांगतो; जें घरांत आलें त्याच्याशीं कसें वागावें, हें आपणच ठरवावयाचें असतें.

येथेंच ह्या प्रश्नाचें मर्म आहे. पोपटाच्या पिंजऱ्याचें दार उघडलें, तर त्यास निदान आभाळ तरी भेटतें. गाय विकली तर ती दुसऱ्या गोठ्यांत नांदते. वऱ्हाडांतल्या काचेंतल्या सागरी माशाला असें दारच नाहीं. उद्यां धन्यास पश्चात्ताप झाला आणि त्यानें तो मासा काटेपूर्णेच्या पाण्यांत सोडला, तर तें त्यास मारणेंच होय. त्याची भरती, त्याचा वारा, त्याचा सूर्य हीं सर्व आतां एका कुटुंबाच्या लहरीवर अवलंबून आहेत. वीज जाऊन पंप बंद पडला तर कांहीं तासांतच पाण्यांतला प्राणवायु घटूं लागतो. मग घरांत लग्न आहे कीं आजारपण, हें तो मासा कसें जाणणार? प्राण्याला आपण अनन्यगतिक केलें म्हणजे त्याच्यावरील दया ही मर्जीची गोष्ट राहत नाहीं, तें कर्तव्य होतें. आणि तें मध्येंच सोडतां येत नाहीं. १८२८ सालीं सर जॉन डॅलियेल ह्यांनीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरीं आणलें. ते १८५१ सालीं वारले. पण फूल एका हातांतून दुसऱ्या हातांत जात १८८७ पर्यंत जगलें. त्यास पुढचे पालक मिळाले, हें त्याचें भाग्य. आपल्या छंदाचा वारस कोण, हा प्रश्न टाकी विकत घेण्यापूर्वीं किती जण स्वतःस विचारतात?

दुसरें ऋण शेजाऱ्यांचें आहे. पाणी शुद्ध करणारें आर. ओ. यंत्र शुद्ध पाण्याहून अधिक पाणी बहुधा बाहेर टाकतें. ज्या शहरांत नळाला दिवसाआड पाणी आलें तरी समाधान मानावें लागतें, तेथें हें पाणी मोरींत सोडून देणें सभ्यपणाचें नाहीं. कोणी म्हणेल, जगांत दुःख आहे म्हणून सर्व सौंदर्याचा त्याग करावा काय? मुळींच नाहीं. पण सतार कोणाच्या वांट्याचें पाणी पीत नाहीं. जो आनंद सामायिक सांठ्यांतून घेतला जातो, त्याचा हिशेब ठेवणें प्राप्त आहे. टाकाऊ पाण्यानें फरशी पुसावी, पावसाचें पाणी सांठवून तें वापरावें, आणि टाकीचा आकार दिवाणखान्याच्या ऐटीवरून न ठरवितां आपल्या नळाच्या ऐपतीवरून ठरवावा.

तेव्हां आमचें मत असें कीं, हा छंद पापही नव्हे आणि निरुपद्रवीही नव्हे. समुद्रांतून ओरबाडलेला जीव घेऊं नये, पैदास केलेलाच घ्यावा. वीज गेली किंवा आपण परगांवीं गेलों तरी त्याची व्यवस्था आधीं करावी. आणि आपल्यामागें तो कोण सांभाळील, हें घरांतल्या माणसांशीं बोलून पक्कें करावें. एवढी तयारी नसेल, तर टाकीच्या खर्चांत सारें कुटुंब एकदां मालवणास नेऊन आणावें. तेथील किनाऱ्यालगत १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि त्यांतलीं पोवळीं कोणाच्याही मालकीचीं नाहींत. तीं पाहून मुलें घरीं परततील, तेव्हां त्यांच्या मागें कोणी तहानलेलें वा अडकलेलें राहणार नाहीं.