स्वतंत्र लेखकाचा शिधा

अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरच्या देवळात असतो आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मूर्ती एक, देवळे दोन. देव हलवायची वेळ आली की दोन्हीकडचे मानकरी बसतात, लेखी करार होतो आणि मग पालखी निघते. साक्षात देवाचा मुक्काम असला तरी तोंडी बोलण्यावर भागवायचे नाही, इतका व्यवहार या दोन गावांना कळतो. मराठी लेखकाला तो कळत नाही, किंवा कळूनही तो संकोचतो. बाड घेऊन तो पुण्याला जातो, चहा होतो, ‘बघतो’ एवढे ऐकून रात्रीच्या एसटीने परत येतो. पुढे पुस्तक निघालेच, तर प्रती किती छापल्या, किती खपल्या, दुसरी आवृत्ती कधी काढली, हे विचारणे त्याला असभ्यपणाचे वाटते.

कायदा त्याच्या बाजूचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी हवे. किती काळासाठी हे लिहिले नसेल तर तो पाच वर्षांपुरता समजायचा, कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही आणि करारात तसे काही वेगळे ठरलेले नसेल, तर तो आपोआप सुटतो. इतके सरळ कलम हाताशी असून ते कोणी वापरत नाही. अज्ञान हे त्याचे खरे कारण नव्हे. लेखनाला व्यवहार म्हटले की त्याचे पावित्र्य जाते अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ही समजूत ज्यांच्या घरी एक तारखेला पगार येतो त्यांनी रुजवलेली आहे.

अलीकडे यावर उपाय निघाला आहे, तो म्हणजे प्रकाशकच नको. हायवेवरच्या अणदुरात बसून लिहिणाऱ्याला आता पुण्या-मुंबईच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. सोलापूर जवळ आहे. तिथे डीटीपी होते, मुखपृष्ठ होते, डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतीही काढता येतात. आयएसबीएन क्रमांकाला सरकार पैसे घेत नाही. मग प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, पहिल्या पन्नास प्रती भेट म्हणून जातात आणि बाकीचे गठ्ठे पलंगाखाली. अशा लेखकाला आपण स्वतंत्र लेखक म्हणू लागलो आहोत. माझ्या मते तो छापखान्याचे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक होण्यात कमीपणा नाही, पण त्याला स्वातंत्र्य म्हणायचे कारण नाही.

प्रकाशकाकडे गेल्याने तरी काय होते ते बघू. २०० रुपयांचे पुस्तक, ५०० प्रती, १० टक्के मानधन. सगळी आवृत्ती छापील किमतीवर खपली असे धरले, जे कधी होत नाही, तरी लेखकाच्या हातात १०,००० रुपये येतात. कादंबरीला तीन वर्षे लागली असतील तर महिन्याला तीनशेही नाहीत. म्हणजे कोण छापतो हा प्रश्न दुय्यम आहे. ती तीन वर्षे लेखक काय खात होता, हे आधी विचारायला हवे. शिधा ज्याच्याकडून येतो त्याचा शब्द कधी ना कधी कागदावर उतरतो, म्हणून लेखकाचे स्वातंत्र्य तपासायचे तर त्याची चूल तपासावी. मराठीत ज्यांनी आपल्या मनाचे लिहिले त्यांनी ही चूल कशी पेटती ठेवली, ते पाहण्यासारखे आहे.

जोतीराव फुले कंत्राटदार होते. बांधकामाची कंत्राटे, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी, त्यातला पैसा. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली तेव्हा ती कोणत्या दक्षिणा फंडाच्या किंवा शिक्षण खात्याच्या मेहेरबानीवर अवलंबून नव्हती, आणि ती असती तर तशी लिहिली गेली नसती. याच वाटेवरचा, पण अगदी वेगळा, आजचा माणूस म्हणजे लक्ष्मण राव. मूळचे अमरावती जिल्ह्यातले. दिल्लीत आयटीओजवळच्या विष्णू दिगंबर मार्गावर फुटपाथवर चहा विकत त्यांनी हिंदीत कादंबऱ्या लिहिल्या, प्रकाशकांनी दारातून परत पाठवल्यावर स्वतःची प्रकाशनसंस्था काढून त्या छापल्या आणि सायकलवरून शाळा-ग्रंथालयांत नेऊन विकल्या. चहावाला लेखक म्हणून वर्तमानपत्रे त्यांचे कौतुक करतात. कौतुकात एक गोष्ट सुटते. चहाची टपरी ही त्यांची अडचण नव्हती, तेच त्यांचे अनुदान होते.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी दुसरी वाट धरली. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस सरकारकडे किंवा संस्थानिकाकडे आश्रय मागत बसला नाही. नागपुरात कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार जमवले आणि ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. न लिहिलेल्या पुस्तकाचे पैसे वाचकाकडून आधी घ्यायचे, ही कल्पना त्या काळी वेडेपणाची वाटली असणार. नंतर त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ लिहून त्या सगळ्या उपद्व्यापाचा हिशेबही दिला. एका माणसाच्या हट्टामागे वर्गणीदार उभे राहतात हे सिद्ध झाले. त्या माणसाचे उरलेले आयुष्य ओढगस्तीत गेले हेही खरेच.

तिसऱ्या वाटेचे उदाहरण अणदूरला जवळचे आहे. संशोधक रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ १९६१ सालचे. वाघ्या, गोंधळी, पोतराज यांच्यावरचे ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ पाठोपाठचे. ‘लज्जागौरी’ १९७८, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४. तुळजाभवानीवरचा ग्रंथ ‘खंडोबा’नंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. अणदूरहून तुळजापूरला गाडीने तासभर लागतो. खंडोबापासून भवानीपर्यंतचे ते अंतर ढेऱ्यांनी चार दशके चालून काढले, आणि मधल्या काळात कोणी त्यांना अहवाल मागितला नाही. हेच विषय विद्यापीठामार्फत घेतले असते तर ते मंजूर करून घ्यावे लागले असते, मुदत पडली असती, मार्गदर्शकाचे मन सांभाळावे लागले असते. लज्जागौरीसारखा विषय साठ-सत्तरच्या दशकात कोणत्या मंडळाने मंजूर केला असता, याचा विचार करावा.

त्याच खंडोबाचा माग हायडेलबर्गचे ग्युंटर सोन्थायमर काढत होते. धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर राहिले, जर्मनमध्ये बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे काम मोठे आहे आणि त्यांच्या पाठीशी विद्यापीठ होते, प्रवासखर्च होता, सहकारी होते. ढेऱ्यांच्या पाठीशी पुण्यातले एक घर होते. मावळातल्या निगड्यात १९३० साली जन्म, लहानपणीच आईवडील गेलेले, आजीने वाढवलेले. पुढे हजारो ग्रंथांनी भरलेले घर, आणि त्या ग्रंथांमधून वाट काढत संसार करणारी माणसे. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या संशोधकाचे नाव मुखपृष्ठावर येते. पुस्तकांसाठी घरखर्चात काटकसर कोणी केली, आल्यागेल्याचे कोणी पाहिले, हे अर्पणपत्रिकेतल्या एका ओळीत संपते. स्वतंत्र संशोधकाचा खरा अनुदान आयोग त्याचे घर असते, आणि त्या आयोगाचे काम बहुधा बायका करतात.

बाई स्वतः लिहिणारी असली की हे गणित उलटे होते. बहिणाबाई चौधरींनी जात्यावर आणि शेतात ओव्या रचल्या, मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ यांनी त्या टिपून ठेवल्या. पुढे आचार्य अत्र्यांच्या हाती ते बाड पडले, आणि पुस्तक निघाले १९५२ साली. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरातच गेल्या होत्या. अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनने १९९३पासून गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. यातल्या एखादीने आपल्या वस्तीवरच्या बाळंतपणांची, मृत्यूंची, दारूची, दुष्काळाची हकिकत लिहायची ठरवली, तर मराठीत तिच्या तोडीचे साहित्य फार थोडे सापडेल. पण तिच्या घरात तिचा स्वयंपाक कोण करणार? ‘स्वतंत्र लेखक’ हा शब्द आपण सहज पुल्लिंगी वापरतो, त्यामागे हेही आहे.

मराठवाड्याने आणखी एक वाट फार वापरली, नोकरीची. भास्कर चंदनशिव कळंबकडचे, ‘लाल चिखल’ लिहिणारे, व्यवसायाने प्राध्यापक. शेतकऱ्याच्या टोमॅटोचा चिखल होतो तो त्यांनी आतून पाहिला होता, आणि तो लिहिण्याइतकी उसंत पगाराने दिली. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या, मराठी शाळेसाठीही झगडलेल्या या भागात शिक्षक आणि प्राध्यापक हेच लेखक झाले, यात नवल नाही. आता तो आधारही खचतो आहे. अनुदानित जागा भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण तीन कॉलेजांत धावतो आणि रात्री कविता लिहितो. २०२०च्या जानेवारीत धाराशिवला ९३वे साहित्य संमेलन भरले, संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव होते. गोरोबा तेरला मडकी घडवत. आजच्या तासिकावाल्याला चाकसुद्धा स्वतःचे नाही.

मग अणदूरच्या लिहिणाऱ्याने काय करावे? राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंनी आहेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने ती उभी राहिली आणि प्रकाशनव्यवसाय त्यांच्या खरेदीवर तगला. पण शासनमान्य यादी, घाऊक सूट आणि पुरवठादार या साखळीत एकट्या लेखकाचे पुस्तक क्वचितच शिरते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकापुरती. तिसऱ्या पुस्तकाचे काय, आणि लेखक कसोटीला लागतो तो तिसऱ्यालाच.

माझे मन केतकरांच्या वाटेकडे झुकते, छोट्या मापात. तुळजापूर तालुक्यातल्या दोनशे घरांनी पाचशे-पाचशे रुपये आगाऊ दिले तर एक लाख होतात. लेखकाला सहा-आठ महिने गावातच बसून लिहिता येईल एवढे ते आहेत. लग्नातल्या मांडवाला याच्या कितीतरी पट लागते. पैसा गावात आहे, लेखनासाठी तो मागायची सवय नाही.

अडचण पुढे आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. दोनशे वर्गणीदारांत सावकारी करणारे असतील, जमिनीच्या वादात अडकलेले असतील, सुनेला जाळल्याचा वहीम असलेले घरही असेल. कादंबरीत ते सगळे येणार, कारण कादंबरी त्याच गावाची आहे. पुस्तक हातात पडल्यावर पारावर भांडण होईल, ‘आमच्याच पैशावर आमचीच बदनामी’ असे म्हटले जाईल, कोणी पैसे परत मागेल. लेखकाला त्यातून मार्ग काढावा लागेल, कदाचित काही दिवस सोलापुरात राहावे लागेल. पण पलंगाखाली पडलेल्या गठ्ठ्यांवरून असे भांडण कधी होणार नाही, कारण ते कोणी उघडलेलेच नसतात.