दुखणं कुणाचं खरं?

‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ ही म्हण आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. वागताना मात्र कुणी ती ध्यानात धरत नाही. हाताला प्लॅस्टर दिसलं की लोक मोसंबी घेऊन भेटायला येतात. न दिसणारं दुखणं सांगितलं, की तेच लोक विचारतात, “खरंच एवढं दुखतंय का?”

आमच्या घरात गुडघ्यांच्या दोन तऱ्हा होत्या. आजीचे पाय धनुकलीसारखे वाकलेले. चालताना गुडघे कटकट वाजायचे, तरी भांगलणीची पात तिनं कधी सोडली नाही. विचारलं तर म्हणायची, “वाजत्यात नुसतं. दुखत न्हाईत बाबा.” थोरल्या चुलतीचे पाय सरळ. पण तिला उकिडवं बसवत नसे; शेणी थापून उठताना तोंडातून “आई गं” निघायचंच. तालुक्याला नेऊन दोघींचे फोटो काढले. आजीच्या फोटोत हाडांमधली फट जवळजवळ मिटलेली, चुलतीच्या फोटोत किरकोळ झीज. झालं, घरानं निकाल लावला. आजी सोशिक, चुलती नाटकी. चुलती एवढंच म्हणाली, “फोटू पायाचा काढला, दुखण्याचा कुठं काढला?”

शास्त्र चुलतीच्या बाजूनं आहे. सांध्यात जी कूर्चा झिजते, तिला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते भोवतालचं. सांध्याचं सुजलेलं अस्तर, कूर्चेखालचं ताण पडलेलं हाड. साध्या एक्स-रेत ते अस्तर दिसत नाही; कूर्चाही दिसत नाही, फटीवरून अंदाज बांधायचा. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी अशा झिजेच्या ० ते ४ पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरतात. झीज जास्त तिथं दुखण्याचा संभव जास्त, हे खरं. पण एकट्या माणसाचं दुखणं त्या पायरीवरून मोजता येत नाही. शिवाय बरेच दिवस दुखत राहिलं, की मज्जारज्जू आणि मेंदूही हळवे होतात. झोप कमी, घोर जास्त, की तीच कळ मोठी होते. म्हणून ती खोटी ठरत नाही.

मग पुरावा कशाला मागायचा? मला वाटतं, सोयीसाठी. चुलतीचं दुखणं खरं मानलं असतं, तर तिच्या वाटणीचं पाणी आणि शेण दुसऱ्या कुणाला तरी उचलावं लागलं असतं. आणि ज्या आजीला दुखतच नव्हतं, तिनं सोसलं काय? सोसत होती ती चुलती. शाबासकी मात्र आजीच्या पदरात पडली.

कुणी खोटं कण्हलं तर, असं विचारतील. तर दोन घागरी पाणी जास्त आणावं लागेल, एवढंच. खऱ्यावर विश्वास ठेवला नाही, तर दुखण्यावर अपमानाची भर पडते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत लिहिलं की माणूस वेदना सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

विश्वास ठेवणं म्हणजे लाड नव्हे. मांड्यांना बळ देणारा व्यायाम अशा गुडघ्याला उपयोगी पडतो. पण “थोडं चाल गं” हे शब्द आधी विश्वास ठेवलेल्या माणसाच्या तोंडून आले तर औषध असतात. नाटकी म्हणणाऱ्याच्या तोंडून आले, तर तो टोमणाच.