चुकलेल्या डॉक्टरचं काय करायचं?

मे १९५३. गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर झालेल्या अपघातात वीस वर्षांच्या एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. तिथल्या डॉक्टरांनी फळ्या बांधून तात्पुरता आधार दिला, टॅक्सीने त्याला पुण्याला आणलं, आणि एका खासगी इस्पितळात हाड बसवताना योग्य भूल न देता जोर लावला गेला, असा निष्कर्ष पुढे न्यायालयाने काढला. तो तरुण वाचला नाही. आईवडिलांनी दावा लावला, तीन हजार रुपये भरपाई मंजूर झाली, अपिलं होत होत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८ साली तिथेही डॉक्टर हरले. वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा शिकणाऱ्याला आजही हा खटला वाचावा लागतो.

या पंधरा वर्षांत डॉक्टर चुकले का आणि त्याचे किती पैसे, हे दोन प्रश्न सुटले. मधल्या काळात त्याच टेबलावर आणखी कितीतरी मोडकी हाडं आली असतील, त्यांचं काय, हा प्रश्न न्यायालयाने विचारला नाही. तो त्याचा विषयच नव्हता. असा प्रश्न विचारायची जागा म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद. पण परिषदांनाही तो सुचायला शंभर-सव्वाशे वर्षं लागली.

ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली. तिच्या हातात नोंदवही होती आणि नाव खोडायचा अधिकार होता. खोडायचं कधी? डॉक्टरने व्यवसायाला काळिमा फासणारं वर्तन केलं तर. म्हणजे रुग्ण स्त्रीशी संबंध, जाहिरातबाजी, खोटे दाखले, दारू पिऊन काम. आजाराचं निदान चुकवणं हा त्या अर्थाने गुन्हाच नव्हता. डॉक्टर सभ्य गृहस्थ असला की झालं. त्याला पोट तपासता येतं की नाही याची चौकशी करायला परिषद बसलेली नव्हती. जातपंचायतीसारखाच हा मामला होता, ज्याने जातीचं नाव घालवलं त्याला बाहेर काढायचं. मुंबई इलाख्यात १९१२ साली आलेला वैद्यक कायदाही याच साच्यातला.

या भिंतीला पहिलं भोक पाडलं ते आजाराने. १९७८ च्या ब्रिटिश कायद्याने मान्य केलं की व्यसनी किंवा मनाने खचलेला डॉक्टर हा पापी नसून रुग्ण असू शकतो, त्याला हाकलण्याआधी त्याच्यावर उपचार करून पाहावेत. तिसरी शक्यता कायद्यात यायला १९९५ उजाडलं. डॉक्टर सज्जन आहे, निरोगी आहे, पण त्याचं काम कच्चं आहे. ऐकायला ही गोष्ट किती साधी वाटते! दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला आणि समोरच्या औषधाच्या दुकानदाराला ती कायम ठाऊक असते. पण कायद्याने ती कबूल केल्यावरच पुढचा प्रश्न उभा राहिला: कच्चं काम पक्कं करता येतं का?

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने या प्रश्नाची तालीम आधीच सुरू केली होती. तिथल्या परवाना मंडळाच्या नावात ‘कॉलेज’ आहे, पण ते शिकवत नाही. डॉक्टरांची नोंदणी ठेवतं आणि तक्रारी ऐकतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे मंडळ समव्यावसायिक डॉक्टरांना दुसऱ्याच्या दवाखान्यात पाठवून तिथले कागद तपासून घेऊ लागलं. पुढे १९९१ च्या कायद्यावर उभ्या असलेल्या नियमांत तक्रार समितीला एक स्पष्ट अधिकार मिळाला. तक्रार शिस्तभंग समितीकडे न पाठवताही ती डॉक्टरला ठरावीक सुधार-प्रशिक्षण घ्यायला लावू शकते. मग डॉक्टरला अभ्यासक्रम करावा लागतो, एक ज्येष्ठ डॉक्टर काही महिने देखरेख करतो, आणि शेवटी पुन्हा तपासणी होते. खर्च डॉक्टरच्या खिशातून. समितीत डॉक्टरांसोबत सामान्य नागरिकही बसतात.

या प्रशिक्षणात बराच वेळ जातो तो केस पेपरवर. बाहेरच्याला हे कारकुनी काम वाटेल. पण समजा, तक्रार अपेंडिक्स वेळेत न ओळखल्याची आहे आणि त्या दिवशीची नोंद आहे ‘पोटदुखी. गोळ्या दिल्या.’ देखरेख करणारा विचारतो, दुखणं नेमकं कुठे होतं? कधीपासून? ताप पाहिलात? पोट दाबून पाहिलंत? डॉक्टर म्हणतो, ‘पाहिलंच असेल, मी नेहमी पाहतो.’ त्या ‘असेल’मध्ये सगळी गोम आहे. लिहिण्याची सवय लागली की लिहायच्या रकान्यापाशी हात थांबतो, आणि हात थांबला की तपासायचं राहिलेलं आठवतं. दुखणं वाढलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर लगेच परत या, असं रुग्णाला सांगितलं का, हाही एक रकाना. अशा तक्रारींचं मूळ अनेकदा याच शेवटच्या रकान्यात सापडतं. नोंद सुधारल्याने डॉक्टर हुशार होत नाही, पण त्याच्या विचारातली गळती दिसू लागते.

आता तक्रार करणाऱ्याची बाजू. ‘माझं मूल गेलं आणि तुम्ही त्याला क्लासला पाठवलंत?’ हा संताप मला पूर्णपणे समजतो. पण १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला इंग्लंडमधला एक अभ्यास इथे आठवतो. डॉक्टरांवर दावे लावणाऱ्या २२७ रुग्णांना आणि नातेवाइकांना कारणं विचारली गेली होती. पैशाइतकीच ठळकपणे काय झालं ते समजावं, कुणीतरी जबाबदारी घ्यावी आणि असं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, ही कारणं पुढे आली. यातल्या शेवटच्या मागणीला सुधार-प्रशिक्षणाइतकं थेट उत्तर दुसऱ्या कुठल्याच शिक्षेत नाही. निलंबन संपल्यावर तोच डॉक्टर त्याच हातांनी त्याच खुर्चीत येऊन बसतो.

तरीही ऑन्टॅरिओत ही व्यवस्था बरीच वर्षं बदनाम राहिली, आणि ती बदनामी तिने स्वतः ओढवून घेतली होती. कोणाला समज दिली, कोणाला प्रशिक्षण लावलं हे तक्रारदाराला कळायचं, बाकी जगाला नाही. गुपचूप शिकवणं आणि गुपचूप सोडून देणं यातला फरक बाहेरून ओळखायचा कसा? २०१५ पासूनच्या तक्रारींबाबत मंडळाने हे निर्णय सार्वजनिक नोंदवहीत टाकायला सुरुवात केली. डॉक्टरांनी कुरकुर केली की ही तर शिक्षाच झाली. असेल! पण माझ्या मते तिथपासून ही कल्पना वयात आली. रुग्णाला ही गोष्ट कळू द्यायची लाज वाटत असेल, तर ते शिक्षण नसून तडजोड आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शिकायला आधी आपलं काहीतरी चुकतंय हे उमगावं लागतं. आणि संशोधन सांगतं की डॉक्टरांना स्वतःचं मोजमाप फारसं जमत नाही. जे सगळ्यांत कमकुवत, त्यांनाच ते सगळ्यांत कमी जमतं. अमेरिकेत शिस्तभंगाची कारवाई झालेल्या डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी २००५ साली तपासल्या गेल्या. बेजबाबदारपणा आणि स्वतःला सुधारण्याची कमी कुवत या खुणा तेव्हाच दिसत होत्या. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या अभ्यासात तर तीन टक्के डॉक्टरांच्या वाट्याला जवळजवळ निम्म्या तक्रारी आल्या होत्या. म्हणजे बहुतेकांसाठी एखादा अभ्यासक्रम पुरतो, आणि काही थोड्यांसाठी कुठलाच पुरत नाही. मंडळाचं खरं कसब हे दोन गट वेगळे करण्यात आहे. रुग्णाच्या शरीराचा गैरफायदा घेणाऱ्याला नीतिमत्तेच्या कार्यशाळेत बसवणं हा तर निव्वळ आचरटपणा. तिथे १८५८ चीच पद्धत बरी.

हादिझा बावा-गार्बा यांचं प्रकरण या दोन्ही टोकांच्या मधलं. ब्रिटनमधल्या लेस्टरच्या रुग्णालयात २०११ साली सहा वर्षांचा एक मुलगा जंतुसंसर्गाने दगावला. त्या दिवशी माणसं अपुरी होती, संगणक बंद पडलेले होते, आणि या शिकाऊ बालरोगतज्ज्ञाच्या हातून गंभीर चुकाही झाल्या. २०१५ मध्ये फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं. व्यावसायिक न्यायाधिकरणाने पाहिलं की त्यानंतर त्यांनी उणिवा भरून काढल्या आहेत, आणि वर्षभराचं निलंबन पुरेसं मानलं. परिषद उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये नाव खोडलं गेलं. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ते परत लावलं. मुलाच्या आईवडिलांना हा अन्याय वाटला आणि हजारो डॉक्टरांना न्याय. मला अपील न्यायालयाचं पटतं, पण त्या आईसमोर उभं राहून ते सांगायची हिंमत माझ्यात नाही.

या प्रकरणाने आणखी एक गोष्ट बिघडवली. तिथले शिकाऊ डॉक्टर आपल्या चुकांवर चिंतन लिहून ठेवतात. तेच लिखाण पुराव्यात आलं अशी बातमी पसरली. प्रत्यक्षात ते ज्युरीपुढे आलंच नव्हतं. पण भीती बसली आणि वह्या सपक झाल्या. पर्यवेक्षकासमोर ‘मी घाबरलो होतो’ असं लिहिता येत नसेल, तर सुधार-प्रशिक्षण म्हणजे हजेरीचा कागद. म्हणून प्रशिक्षण लागलं ही बाब उघड हवी, आणि त्यात डॉक्टरने स्वतःशी केलेली कबुली बंद हवी. हे एकाच वेळी साधणं अवघड आहे. दुसरी वाट मात्र दिसत नाही.

आपल्याकडे २००२ च्या आचारसंहितेने दर पाच वर्षांत तीस तास शिक्षण सांगितलं आहे. हॉटेलचा हॉल, दोन भाषणं, जेवण, प्रमाणपत्र. पुढे बसून ऐकलेल्या व्याख्यानांनी डॉक्टरचं प्रत्यक्ष वागणं फारसं बदलत नाही, हे जगभर तपासून झालं आहे. शिवाय या तासांचा कुणाच्या तक्रारीशी काही संबंधच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम जाहीर केले, त्यात किरकोळ चुकांसाठी सुधारणेची पायरी होती. चर्चा मात्र सगळी जेनेरिक औषधांच्या कलमावर झाली आणि त्याच महिन्यात नियम स्थगित झाले.

उद्या ते परत आले आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरला देखरेख लागली, तर येणारा ज्येष्ठ डॉक्टर आधी कागद मागेल. आणि असे कित्येक दवाखाने आहेत जिथे लेटरहेडवर चार औषधं लिहून तो एकमेव कागद रुग्णाच्या हातात देतात. रुग्ण तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी नेतो आणि पुढच्या वेळी आणायला विसरतो. दवाखान्यात तपासायला मागे काहीच उरत नाही. तिथे सुधार-प्रशिक्षणाचे पहिले महिने एका वहीवर जातील: तारीख, नाव, काय दुखतंय, काय पाहिलं, काय सांगितलं.