कुंपणापलीकडचा अंदाज

माझा धाकटा भाऊ गेली अनेक वर्षे इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या बाजूला राहतो. त्याचा मुलगा शाळेत असताना, म्हणजे २००९ सालच्या सुमारास, रविवारच्या फोनवर माझ्याशी एकाच विषयावर बोलत असे. स्टॅफर्डशायर परगण्यात ऑल्टन टॉवर्स नावाची मोठी क्रीडानगरी आहे. तिथली १९८० सालची 'कॉर्कस्क्रू' ही रोलर कोस्टर २००८च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्या जागी काहीतरी नवे उभे राहू लागले. काय, ते मालक सांगत नव्हते. कामाला नाव होते 'सीक्रेट वेपन ६', म्हणजे सहावे गुप्त शस्त्र! आपल्याकडे जत्रेत आकाशपाळणा उभारताना पोरे भोवती जमतात, तशी ही पोरे कुंपणाशी जमत. फरक एवढाच, की ही घरी जाऊन हिशेब मांडत.

आधी मला ते पोरखेळ वाटले. पण ऐकत गेलो तसा त्या पोरांविषयी आदर वाटू लागला. इंग्लंडात बांधकामाच्या परवानगीसाठी दिलेले नकाशे स्थानिक कौन्सिलात कोणालाही पाहता येतात. ते पाहून, खांबांची जाडी, दोन पायांमधले अंतर, रुळाचा बाक यांवरून गाडी कुठे वळेल, कुठे वेग घेईल हे ही मुले ताडत. त्या बागेत झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये, असे बंधन आहे. म्हणून तर १९९४ साली 'नेमेसिस' उभारताना उंच चढता येईना तेव्हा खडक फोडून खाली खड्डा केला गेला. नव्या गाडीचे रूळ मात्र एका बंद इमारतीत शिरत होते. त्या इमारतीत काय, यावर सगळ्यांचे घोडे अडले होते.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरलेले उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. या अनुमानाला बळ येते ते व्याप्तीमुळे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे आपण स्वयंपाकघरापासून पाहत आलेलो असतो. जाड खांबावरून भार ओळखणारा माझा पुतण्या नैयायिकच म्हणायचा. पण हळूहळू त्याच्या बोलण्यात वेगळाच सूर येऊ लागला. 'जगात असं कुठंच नसेल', 'आतून उलटीच होणार गाडी'. आता याला धूर कुठला? इथे अनुमान संपून इच्छा बोलू लागली होती, आणि तिने अनुमानाचाच अंगरखा घातला होता.

२० मार्च २०१० रोजी गाडी सुरू झाली. नाव 'थर्टीन'. उंची सुमारे २० मीटर, वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास. त्या अंधाऱ्या इमारतीत गाडी थांबते आणि रुळासकट सुमारे ५ मीटर खाली कोसळते, मग पाठमोरी बाहेर पडते. अशा रीतीची ही जगातली पहिलीच गाडी. १.२ मीटर उंचीच्या मुलालाही तीत बसता येते. त्या रविवारी फोनवर पोराचा आवाज पडला होता. म्हणाला, "काका, आम्हाला फसवलं."

कुणी फसवले? मौन म्हणजे असत्य नव्हे, हे खरे. पण मालकांनी नुसते मौन पाळले नव्हते, जाहिरातींतून भयाचा डांगोराही पिटला होता. तेव्हा अर्धा दोष त्यांच्या पदरी टाकायला माझी हरकत नाही. उरलेल्या अर्ध्याचे काय? झाडांच्या वर काही जाणार नाही, हे तर या मुलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आपण बांधलेला अंदाज कोणत्या घटकेला दुसऱ्याने दिलेला शब्द होऊन बसतो, ते आपल्यालाही कळत नाही. आम्हा सीमाभागातल्या माणसांना याचा अनुभव आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून 'यंदा निकाल नक्की' हे वाक्य आमच्या कट्ट्यांवर किती जणांनी किती वेळा म्हटले! असो.

हे सारे मी पुतण्याला समजावून सांगणार होतो, पण जीभ रेटली नाही. कारण त्याच्या आदल्याच वर्षी मी दहावीच्या वर्गात इतिहासाच्या एका धड्यावर बोट ठेवून म्हणालो होतो, "यावर चार गुणांचा प्रश्न येणारच." मागच्या सात-आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका माझ्यासमोर होत्या, म्हणजे धूर होता. पण 'येणारच' मधला 'च' त्या प्रश्नपत्रिकांतला नव्हता, तो माझ्या मास्तरकीचा होता. प्रश्न आला नाही. एका मुलाने शेतातली कामे सांभाळून तेवढेच धडे केले होते. तो तीन गुणांनी राहिला. निकाल घ्यायला आला तेव्हा त्याने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाला होतात." पुरवणी परीक्षेला मी त्याला घरी बोलावून शिकवले, तो पास झाला. पण ते वाक्य मला अजून ऐकू येते. पुतण्याने निदान आपला अंदाज आपण बांधला होता. या पोराने माझा घेतला होता, आणि मी तो अंदाज म्हणून दिलाच नव्हता.

मग अंदाज बांधूच नये का? तसे मला म्हणवत नाही. गेल्या उन्हाळ्यात पुतण्या बेळगावला आला होता. आता तो स्वतः इंजिनिअर आहे. 'नेमेसिस' नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करून तिचे रूळ नव्याने घातले आणि मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या काळात हा पठ्ठ्या पुन्हा कुंपणाशी जाऊन उभा राहत होता म्हणे! मी विचारले, "थर्टीनच्या वेळचं विसरलास?" हसून म्हणाला, "काका, ती गाडी चारदा बसलो त्यातलं फारसं आठवत नाही. कुंपणाजवळचा तो पाऊस मात्र आठवतो."

वर्गात मी आता 'येणारच' म्हणत नाही, 'येईल असे मला वाटते' म्हणतो. परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, किती वाटतं?" मी खडू हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग सगळ्यांना पुस्तके काढायला सांगितली.