धोका सांगावा की लपवावा?

आजारी माणसाला त्याच्या आजाराचे नाव सांगावे की नाही, यावर आपल्या घराघरांतून पुष्कळ वाद झाले आहेत. परंतु त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे. जो आजार अद्याप झालेला नाही, कदाचित होणारही नाही, त्याचा नुसता धोका असेल तर तो सांगावा काय?

स्नायूंच्या दाहाचे काही विकार आहेत. त्यांपैकी डर्मॅटोमायोसायटिसमध्ये खुर्चीवरून उठणे जड जाते, वेणी घालायला हात वर होत नाहीत, पापण्यांवर जांभळट छटा येते. या आजाराचा कॅन्सरशी संबंध १९१६ सालापासून वैद्यकात नोंदलेला आहे. स्वीडन, डेन्मार्क व फिनलंडमधील रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा ६१८ रुग्णांपैकी १९८ जणांना कॅन्सर आढळला. त्यांतील ११५ जणांना तो या आजाराच्या निदानानंतर झाला. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात धोका सर्वांत जास्त असतो. वय चाळिशीपुढचे असेल, घास गिळताना बराच त्रास होत असेल किंवा रक्तात काही विशिष्ट प्रतिपिंडे सापडली, तर डॉक्टर अधिक कसून तपासतात. मुलांना हा आजार झाला तर असा शोध सहसा घेत नाहीत.

आता आपल्या घरातले पाहा. आईचे हिब्रू बाजारापुरते. डॉक्टर बोलतात, मुलगा मराठीत सांगतो. चार वाक्यांतले एकच आईपर्यंत पोचते, “काही नाही आई, गोळ्या घ्यायच्या.” मुलगा लबाड नसतो, तो मायेपोटी गाळतो. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आधीच झोप उडालेली, त्यात ही काळजी कशाला? शिवाय कसून शोधले की निरुपद्रवी गाठीही सापडतात, आणि त्यांच्यासाठी पुन्हा सुया, पुन्हा वाट पाहणे.

तरीही हे गाळणे मला पटत नाही. पहिले कारण व्यवहाराचे. “हातापायांत शक्ती नाही, तर पोटाचा फोटो कशाला?” असे म्हणून सी.टी. स्कॅनला न गेलेल्या बायका मी नोकरीत पाहिल्या आहेत. कारण ठाऊक नसले की माणूस तपासणी टाळतो आणि नेमके पहिले वर्ष हातचे जाते.

दुसरे कारण न्यायाचे. इस्राएलच्या १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याप्रमाणे माहिती रुग्णाला द्यायची असते. ती दिल्याने गंभीर अपाय होईल असे डॉक्टरला वाटले, तरी ती राखून ठेवायला नीतिसमितीची मान्यता लागते. जो अधिकार एकट्या डॉक्टरला नाही, तो दुभाषी झालेल्या मुलाने परस्पर कसा घ्यावा?

तिसरे कारण आपल्या समाजाचे. सून नणंदेला सांगते, नणंद मावशीला. मग मलिद्याच्या ताटापाशी आई आली की बोलणे थांबते. भीती तिच्यापर्यंत पोचतेच. तिचे कारण तेवढे पोचत नाही.

मात्र सांगणे म्हणजे आकडे तोंडावर फेकणे नव्हे. यशया नबीने हिज्कीया राजाला मरणाचा निरोप दिला होता. आपल्याजवळ तसला निरोप नाही. त्याच अभ्यासात ४२० जणांना कॅन्सर आढळला नाही, हेही त्याच दमात सांगावे. आधी विचारावे, “आई, तुला किती सांगू?” एखादी म्हणेल, “तपासण्या करीन, पण निकाल तूच ऐक.” तेही मान्य करावे, कारण न ऐकण्याचा हक्कही तिचाच आहे. पण तो तिने स्वतः मागावा, आपण तिच्या नावाने वापरू नये.

म्हणून एवढेच सुचवते. अशा भेटीला घरच्या मुलाबरोबर दोन्ही भाषा जाणणारे एखादे तिऱ्हाईत माणूस न्यावे, आणि डॉक्टरांची चारही वाक्ये आईच्या कानी पडू द्यावीत.